खांबाची हाक

माझं लग्न ठरलं तेव्हा तुळजापुरात आमच्या गल्लीत बातमी पसरली की मुलगा विमानात असतो. माझ्या वडिलांनी ती पसरवली नव्हती, पण खोडूनही काढली नव्हती. ते शाळामास्तर, घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजाअर्चा, आणि आजवरचे सगळे जावई एक तर कचेरीत नाहीतर देवळात. त्यात एक जावई आभाळात असला तर तेवढाच बदल, असं त्यांना वाटलं असणार. लग्नात माझी काकू नवरदेवाच्या तोंडाकडे सारखी निरखून बघत होती. एवढ्या उंचावर राहून माणसाचा रंग उजळतो का, हे तिला पाहायचं होतं. रंग काही उजळलेला नव्हता.

उजळणार कसा? आमचे हे जन्मात कधी विमानात बसलेले नव्हते. ही गोष्ट मला सासरी येरमाळ्याला आल्यावर पहिल्याच दिवशी कळली.

"विमानतळ कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांनी गावाबाहेरच्या माळाकडं बोट केलं. तिथं दोन उंच लोखंडी खांब होते, खांबांच्या मधे ताणलेली तार होती, एक पत्र्याची खोली होती आणि खोलीशेजारी पिठाच्या गिरणीसारखं धडधडणारं डिझेलचं इंजिन होतं. खोलीच्या आत कपाटाएवढं यंत्र, आणि मुंबईच्या कचेरीशी निरोपांची देवघेव करायला दुसरं एक छोटं. विमान तिथं उतरत नव्हतं. उतरायला जागाही नव्हती, नुसती कुसळं होती. मुंबईहून हैदराबादकडं जाणारी विमानं वरून निघून जायची आणि त्यांना वाट चुकू नये म्हणून आमचा खांब खालून बोलत राहायचा, एवढंच ते विमानतळ.

"काय बोलतो खांब?"

"दोन अक्षरं. टिंब आणि रेघांत. तीच ती, सारखी."

"म्हणजे काय म्हणतो?"

त्यांनी जरा विचार केला. "म्हणतो, मी इथं आहे. मी इथं आहे."

"आणि विमानवाला काय म्हणतो?"

"काही नाही. त्याच्यापुढं एक सुई असते, ती आमच्या खांबाकडं तोंड करते. विमान डोक्यावरून पुढं गेलं की सुई उलटी फिरते. ऐकलं की झालं. ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं."

ही रीत मला थोडी ओळखीची वाटली. आमच्या माहेरचे पुरुषही ओसरीवर बसून दिवसभर मी इथं आहे, मी इथं आहे असंच म्हणत असतात. फक्त तिथं आतून उत्तर जावं लागतं, आणि पाठोपाठ चहा.

आमच्या ह्यांचा स्वभाव वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण त्यांना आधुनिकतेची बाधा झाली होती. निजाम गेला, पोलिस ॲक्शन झाली, आम्ही आधी हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात आलो. घर तिथंच, राज्यं बदलत गेली. पण ह्यांच्या मते खरा बदल झाला तो खांब उभा राहिला तेव्हा. त्याच्या आधी माळावर काय होतं, तर पांढऱ्या दगडांचं एक भलंमोठं रिंगण आणि रिंगणात एक बाण. खडी फोडणाऱ्यांकडून मुठीएवढे दगड फोडून घ्यायचे, त्यांना चुना फासायचा आणि रांगोळीसारखे मांडायचे. वैमानिकानं वरून खाली बघायचं, पांढरं रिंगण दिसलं की ओळखायचं, आलं येरमाळा. आमचे हे त्या रिंगणाला हसायचे. "बैलगाडीचा जमाना," म्हणायचे. "आता डोळ्यांनी बघायची गरज नाही. ढग असू दे, धूळ असू दे, यंत्र सांगतं."

तरी रिंगण होतंच. कारण खात्याचा हुकूम असा, की नवा खांब तपासून पास होईपर्यंत जुनी खूणही पांढरी ठेवायची. म्हणजे आमचे हे सकाळी आधुनिक यंत्रापुढं बसायचे आणि दुपारी बादली आणि कुंचा घेऊन दगडांना चुना फासायचे. धोतर सोडून पँट घालायला लागलेला आमच्या घराण्यातला हा पहिला माणूस, आणि ती पँट गुडघ्यापर्यंत चुन्यानं भरलेली असायची.

आता माझं. मी मॅट्रिक होते. मला शिक्षिका व्हायचं होतं, आणि ते काही गमतीनं नाही, मनापासून. उस्मानाबादला शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या वर्गासाठी मी अर्ज केला होता आणि मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. येरमाळ्याहून उस्मानाबाद ते काय, येडशीचा घाट उतरला की आलंच. पण आमच्या घरात माझ्या सासूबाईंचा नियम होता, की सुनेला कुठं न्यायचं ते नवऱ्यानं न्यायचं आणि आणायचं ते नवऱ्यानं आणायचं. आणि नवऱ्याला स्टेशन सोडता येत नव्हतं, कारण माणूस एकच. दुसरा माणूस खांब पास झाला की त्याच संध्याकाळी रुजू होणार होता.

"खांब पास झाला की तू मुलाखतीला गेलीच समज," हे म्हणायचे.

झालं, माझं सगळं आयुष्य त्या खांबाला टांगलं गेलं. मी देवीला नवस बोलले तो काही मुलाबाळांसाठी नाही. खांब पास होऊ दे, असं मी येडाईच्या, म्हणजे गावच्या येडेश्वरीच्या, डोंगरावर जाऊन हात जोडून सांगितलं. देवीच्या पुढ्यात असलं मागणं पहिल्यांदाच आलं असेल.

खांब तपासायचा म्हणजे एक खास विमान मुंबईहून येणार, आमच्या माळावर घिरट्या घालणार आणि सुई बरोबर फिरते का ते पाहणार. खाली एक इंजिनिअरसाहेब जीपनं येऊन थांबणार. विमानाची तारीख ठरून आली, माझ्या मुलाखतीच्या बरोबर आदल्या दिवसाची. ती सासूबाईंना वाचून दाखवली, तर त्यांनी पंचांग उघडलं आणि डोक्याला हात लावला.

"अरे, ही तर चैत्री पुनवेची दुसरी सकाळ. त्या दिवशी चुना वेचतात ना इथं!"

येरमाळ्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि वाटेवरच्या चुन्याच्या रानात लाखभर माणूस उतरतं. तिथल्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. प्रत्येकानं पाच खडे वेचायचे आणि एका जागी ढीग करून वाहायचे. वेचला नाही तर यात्रा घडली नाही. आणि ते चुन्याचं रान आणि आमचा विमानांचा माळ, ह्यांच्यामधे फक्त एक बांध होता.

ह्यांनी वर कळवलं, की तारीख बदलावी, त्या दिवशी इथं मुंगी शिरायला जागा नसते. उत्तर आलं, की खात्याचं वेळापत्रक स्थानिक सणांवर चालत नाही, आणि विमानाला गर्दीची अडचण नसते. हे दुसरं मात्र खरं होतं.

आदल्या दिवशीच इंजिनिअरसाहेब आले. काळा चष्मा, खाकी टोपी, हातात थर्मास. सासूबाईंनी पुरणपोळीचं ताट वाढलं तर म्हणाले, "ड्युटीवर असताना मी हलकंच घेतो," आणि तीन पोळ्या खाल्ल्या. मग माळावर जाऊन त्यांनी रिंगणाची पाहणी केली, दोन दगड पायानं सरळ केले आणि ह्यांना म्हणाले, "खूण उत्तम आहे. उद्या एक दगड हलता कामा नये."

सकाळी पालखी निघाली. मी सासूबाईंबरोबर बांधावर उभी होते. एवढी माणसं मी तुळजापुरातसुद्धा नवरात्राखेरीज पाहिली नव्हती. गुलाल, हलगी, संबळ, उन्हात तापलेली माती आणि वाकलेल्या पाठी. जिकडं बघावं तिकडं माणूस जमिनीला डोळे लावून चाललेलं. पुढच्यांनी रान वेचून साफ केलं. मागून आलेल्यांना खडा मिळेना. मग कुणीतरी बांधावर चढलं, आणि पलीकडं बघतं तर काय, पांढरेशुभ्र दगड, ओळीनं मांडून ठेवलेले, वेचायचेसुद्धा कष्ट नाहीत.

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, पण डोळ्यांवर विश्वास बसेना. बांध ओलांडून माणसं माळावर उतरली. ढकलाढकल नाही, भांडण नाही. प्रत्येकानं वाकावं, पाच दगड उचलावे, कपाळाला लावावे आणि येडाईच्या नावानं उदो म्हणून माघारी फिरावं. आधी बाणाचं टोक गेलं. मग बाणाचा दांडा गेला. मग रिंगण एका बाजूनं चंद्रासारखं कलेकलेनं कमी होत गेलं.

इंजिनिअरसाहेब धावत आले. "ए! हात लावू नका! सरकारी दगड आहेत!"

एका म्हातारीनं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. तामलवाडीची होती ती, हे मला मागाहून कळलं. पदरात पाच दगड, अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर मळवट.

"सरकारचं कसं बाबा? आईच्या रानातला चुना हाय. आईनं गर्दी बगून रांगंत लावून ठिवला आमच्यासाठी."

"अहो आजी, हे विमानासाठी आहे! वरून दिसायला!"

"मंग? आईला काय वरून दिसत न्हाय व्हय?" म्हातारी म्हणाली, आणि ओंजळभर बारीक खडे त्यांच्या पुढं केले. "घे, तूबी पाच घे. लेकरंबाळं सुखी ऱ्हातील."

साहेबांनी चष्मा काढला, तिच्याकडं पाहिलं, आजूबाजूच्या गर्दीकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं पाच खडे घेतले. खिशात घालताना मी पाहिलं. आधुनिक माणूस होते, पण मुलाबाळांचा प्रश्न होता.

मला त्यावेळी हसू आलं नाही. सांगते ते खरं. साहेबांचं ते "एक दगड हलता कामा नये" माझ्या कानांत होतं. खूण गेली म्हणजे तपासणी गेली, तपासणी गेली म्हणजे खांब नापास, आणि खांब नापास म्हणजे माझी मुलाखत मुंबई-हैदराबादच्या वाटेवर हवेत विरली. आणि मुलाखत तर उद्यावर आली होती. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला, आणि त्यांना वाटलं मला गर्दीची भीती वाटतेय.

मग विमान आलं. लाखभर माणसानं एकदम मान वर केली. आमचे हे पत्र्याच्या खोलीत यंत्रापुढं घामाघूम, बाहेर इंजिन धडधडतंय, संबळ वाजतोय, आणि विमान खांबावरून इकडून तिकडं, तिकडून इकडं. बायकांनी त्यालाही हात जोडले. शेवटी ते एक मोठी गिरकी घेऊन मुंबईकडं निघून गेलं, आणि माळावर एकही पांढरा दगड उरला नव्हता.

संध्याकाळी निकाल आला. मुंबईच्या निरोपांच्या छोट्या यंत्रावर आला, टिंब आणि रेघांत, आणि तो लिहून घ्यायचं काम अर्थात ह्यांचंच. साहेब शेजारी उभे. मी निमित्त काढून चहा घेऊन गेले होते. हे एकेक अक्षर लिहीत गेले आणि त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग उतरला.

खांब पास झाला होता. सुई बरोबर फिरली होती. शिवाय वैमानिकानं खास कळवलं होतं, की जमिनीवरची खूण पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आणि ठळक केली आहे, ती लांबूनच दिसली, त्याबद्दल समाधान वाटतं. खूण म्हणजे काय, तर बांधापलीकडचा तो ढीग! लाखभर माणसानं वाहिलेला, उन्हात चमकणारा, देवीचा. पुढं लिहिलं होतं, की ही सुधारित खूण कायम ठेवावी आणि वेळोवेळी चुन्यानं रंगवावी. आणि एवढं मोठं काम एकट्या माणसानं पार पाडलेलं असल्यामुळं ह्या स्टेशनला दुसऱ्या माणसाची गरज दिसत नाही.

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांना खरं काय ते माहीत होतं. एक ओळ उलट पाठवायची होती, बस.

"साहेब, तो ढीग आमचा नाही, असं कळवू या का?" ह्यांनी विचारलं.

"वेडे आहात का?" साहेब म्हणाले. "समाधान व्यक्त केलंय. समाधानाला कुणी हरकत घेतं का?" आणि चहा पिऊन जीपमधे बसून ते निघून गेले. खिशात पाच खडे होतेच.

घरी आल्यावर हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू मुलाखतीचं. स्टेशन सोडता येत नाही, तुला माहीतच आहे."

मला संताप आला. रडूही आलं, ते मी चुलीच्या धुरावर खपवलं. आभाळातल्या परक्या माणसाची वाट चुकू नये म्हणून सरकारनं खांब रोवला, तार ताणली, इंजिन बसवलं, मुंबईहून साहेब पाठवला. आणि मला येडशीचा घाट उतरून उस्मानाबादला जायचं तर त्याची कुणाला पर्वा नव्हती.

सकाळी ती तामलवाडीची म्हातारी आमच्या दारात पाणी मागायला आली. यात्रेची जादा मोटार सुटायला अवकाश होता, तिच्या गावच्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या. पाणी पिऊन तिनं माझ्याकडं पाहिलं.

"पोरीचे डोळं का सुजल्यात?"

सासूबाई काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं. आज उस्मानाबादला मुलाखत आहे आणि न्यायला कुणी नाही.

"धाराशिव व्हय? आमची मोटार तितूनच जाती की! तुळजापूर-तामलवाडीला जायची वाट दुसरी हाय का?"

"पण पुरुषमाणूस बरोबर नको का?" सासूबाई म्हणाल्या.

"आमी समद्या बायाच आलोत यात्रंला. पुरुषमाणूस हाय की एक, डायवर."

सासूबाईंच्या नियमात डायवरचं कलम नव्हतं. मग आत गेल्या, दशम्यांचं गाठोडं बांधून आणलं आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "जा. पण त्याला विचारून जा. माळावरच आहे तो."

तो होताच माळावर. रस्ता माळाच्या कडेनंच जातो. मोटार निघाली, मी खिडकीशी, म्हातारी शेजारी. बांधाजवळ आमचे हे दिसले. आधुनिक दळणवळणाचे येरमाळ्याचे प्रमुख देवीच्या ढिगापुढं बादली घेऊन बसले होते आणि मूळच्याच चुन्याच्या खड्यांना हुकमाप्रमाणं चुना फासत होते. मोटारीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि खिडकीत मला पाहिलं. त्यांना वाटलं मी त्यांना शोधतेय. ते उठले, कुंचा हातात तसाच, आणि मोटारीमागं धावत ओरडायला लागले.

"अगं, मी इथं आहे! मी इथं आहे!"

मी मान वळवून मागं पाहिलं. मोटार खांबाच्या पुढं निघून गेली.

मुलाखतीत मला भूगोल विचारला आणि एक गोष्ट सांगायला लावली. मी विमानाची सांगितली. समोरच्या पाचही परीक्षक बायका हसल्या आणि संध्याकाळी निवडलेल्यांत माझं नाव वाचलं गेलं. मी उस्मानाबादलाच माझ्या मावशीकडं राहिले. जाण्याचा अर्धा नियम मोडला होता, उरलेला अर्धा सासूबाईंनी मोडू दिला नसणार, कारण तिसऱ्या दिवशी मला न्यायला हे स्वतः आले. पँट धुतलेली होती, नखांत चुना तसाच होता.

"स्टेशन?" मी विचारलं.

"दुरुस्तीसाठी बंद असल्याचं कळवलं."

"आणि विमानं?"

त्यांनी खाली पाहिलं. "गेली असतील."

मावशीनं चहा दिला. तो अर्धा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मी एवढ्या हाका मारल्या त्या दिवशी. तुला ऐकू नाही आल्या का?"

"आल्या की," मी म्हणाले. "अगदी स्पष्ट आल्या. पण ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं ना."